बॅटरी भरणारा भैरोबा

“चढला! चढला आकडा! बोला भैरोबाच्या नावानं…”

“चांगभलं!”

नाव उजनीच्या पाण्यात मधोमध उभी होती. मोटार बंद, पंखा बंद, वरून उन्हाचा तवा. आणि नावेतली झाडून सगळी माणसं तळहाताएवढ्या एका काचेकडे डोळे लावून बसली होती. काचेवर मघाशी एक्केचाळीस होते. मग चव्वेचाळीस झाले, मग सत्तेचाळीस. बायकांनी पदर पसरले. एका म्हाताऱ्यानं त्या काचेलाच कुंकू लावलं. कुंकवामुळे आकडा दिसेना, म्हणून दुसऱ्यानं ते धोतरानं पुसलं. पन्नास झाल्यावर टाळ्या वाजल्या.

मीही त्या नावेत होते. असल्या टाळ्या मी जन्मभर ऐकत आले. देवी अंगात आलेल्या बाईसाठी ऐकल्या, लिंबातून रक्त काढणाऱ्यासाठी ऐकल्या. आता काचेतल्या आकड्यासाठी ऐकत होते. माणसं बदलत नाहीत, फक्त लिंबाच्या जागी मीटर येतो.

आधी ही नाव कसली ते सांगते.

आमची घोटेवाडी इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. तीन बाजूंना पाणी. धरण झालं तेव्हा जुनं गाव खाली गेलं आणि आम्ही वर माळावर आलो. हायस्कूल पलीकडच्या काठाला. रस्त्यानं जायचं तर सगळ्या फुगवट्याला वळसा पडतो आणि एसटीचा भरवसा नाही, म्हणून पोरं नावेनं जातात. पूर्वी आमचे मालक वल्ह्यानं माणसं सोडायचे. मग डिझेलचं इंजिन आलं. आता माझ्या दिराचा मुलगा सुयोग बॅटरीवरची नाव चालवतो. आवाज नाही, धूर नाही. फळीखाली बॅटऱ्या, छपरावर सोलरची प्लेट, आणि रात्री काठावरच्या खोलीतून वायर ओढून चार्जिंग. सुकाणूजवळ तो मीटर. बॅटरीत किती टक्के उरलेत ते सांगणारा.

जुन्या गावाबरोबर भैरोबाचं देऊळही बुडालं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की कळस तेवढा वर डोकावतो. तेव्हापासून आमच्या पाण्यावर एक रीत आहे. देवळावर आलं की नाव थांबवायची. वल्हं असेल तर वर घ्यायचं, इंजिन असेल तर बंद करायचं. देवाच्या डोक्यावर नावेखालचा पंखा फिरवायचा नाही. हात जोडायचे, भाकरीचा तुकडा पाण्यात सोडायचा, घटकाभर बसायचं आणि मग पुढं जायचं. ही रीत मला आवडते. ज्यांची घरं खाली राहिली त्यांना तेवढाच उंबरा.

तर या थांब्यावर सुयोगला पहिल्यांदा दिसलं. नाव थांबली की मीटरवरचा आकडा चढतो! दिवसभर खाली खाली येणारा आकडा भैरोबाच्या डोक्यावर आला की वर सरकतो. त्यानं चार जणांना सांगितलं, चार जणांनी मोबाईलमध्ये धरलं. पंधरवडा गेला नाही तोवर बारामतीकडून एक महाराज येऊन उतरले.

नाव ऊर्जानंद. भगवी कफनी, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात रुद्राक्षाच्या माळेत ओवलेला तांब्याच्या तारेचा वेढा. त्यांनी नावेत पाय ठेवल्या ठेवल्या सुरू केलं.

“माउली, वीज म्हणजे काय? प्लस आणि मायनस. प्लस म्हणजे शिव, मायनस म्हणजे शक्ती. या दोघांचं लग्न लावलं कुणी? भैरवनाथानं! वायरमन आला कधी? काल!”

“व्हय की,” सर्जेराव म्हणाले. सर्जेराव आमच्या वाडीतले वडीलधारे. ते मान हलवतील तिकडे वाडी मान हलवते.

“आता डोळे मिटा. मन बंद, मोबाईल बंद, मोटार बंद, पंखा बंद. सगळं बंद केल्याशिवाय वरचा दरवाजा उघडत नाही. सुयोगबाळ, तो पाणी उपसायचा पंपही बंद कर.”

सुयोगनं सगळं बंद केलं. महाराजांनी हात मीटरवर धरला, तोंडानं काहीतरी पुटपुटले. आकडा चढला. चांगभलं.

मग अंगारा आला. तो बॅटरीच्या टोकांना लावायचा. ज्यांच्याकडे नाव नाही त्यांनी इन्व्हर्टरला लावायचा, इन्व्हर्टर नसेल त्यांनी मोबाईलला. सर्जेरावांनी तो कानातल्या यंत्राला लावला. पुढचे दोन दिवस त्यांना काही ऐकू आलं नाही.

“आबा, यंत्र बिघडलं का?” मी ओरडून विचारलं.

“न्हाय गं प्रयागबाई, देव आतून बोलतुया. म्हणून भायेरचं बंद केलंया त्यानं.”



आणि चमत्कार वाढत चालला. थंडीत आकडा थोडासाच चढायचा. होळी झाली तसा तो भसाभसा चढायला लागला. “भैरोबा जागृत झाला,” महाराज म्हणाले. “आता जागृत देव दारात असताना तुम्ही रात्री वायर ओढून सरकारची वीज भरता? ज्याच्या अंगणात गंगा, त्यानं टँकर मागवायचा? अपमान आहे हा!”

सुयोग तसा वाईट पोरगा नाही. पण रात्रीची वीज कधी असते, कधी नसते. ती येईपर्यंत जागत बसायचा त्याला कंटाळा आला होता. कंटाळलेल्या माणसाला देवाचं कारण मिळालं की तो लगेच झोपतो. त्यानं एक रात्र आड चार्जिंग सुरू केलं. मग मनाला येईल तेव्हा.

एका दुपारी शाळा सुटून पोरी परत येत होत्या. माझी नात छकुली त्यांत होती. नववीला आहे. चैत्रात दुपारनंतर आमच्या पाण्यावर पश्चिमेचा वारा सुटतो आणि लाटा नावेच्या कडेला डोकं आपटायला लागतात. नाव भैरोबापाशी थांबली, आकडा चढला, हात जोडून झाले, आणि सुयोगनं मोटार सुरू केली. थोडं अंतर गेल्यावर मोटार घरघरली आणि गप्प झाली. मी काठावर उभी होते. नाव आडवी झालेली मला दिसली. वारा तिला बुडालेल्या बाभळींच्या खोडांकडे ढकलत होता. त्या खोडांनी पूर्वी नावा फाडल्यात. पोरींचा आरडाओरडा पाण्यावरून येत होता. नशीब, जाळी टाकणारी पोरं जवळ होती. त्यांनी दोर फेकला आणि नाव ओढत काठाला आणली.

छकुली खाली उतरली. मी तिला पदरात घेतलं. तेवढ्यात महाराज आले. नावेकडे बघितलं, पोरींकडे बघितलं आणि म्हणाले, “कोपला. नावेत विटाळ होता.”

मग महाराज जवळ आले.

“वयात आलेली मुलगी, चार दिवसांची अडचण, आणि देवाच्या डोक्यावरून जाते? देव ऊर्जा देईल की काढून घेईल?” त्यांनी बोट केलं. त्या नावेत सगळ्यात उंच छकुली होती. बोट तिच्याकडे गेलं.

“न्हाय,” छकुली म्हणाली. “माझं काय न्हवतं.”

“पाप कबूल कोण करतं?”

त्या रात्री वाडीतल्या पारावर ठरलं. वयात आलेल्या पोरींनी नावेत बसायचं नाही. सुयोगनं खाली मान घालून होकार दिला. सर्जेराव मला म्हणाले, “प्रयागबाई, पोरीचं शिक्षान न्हाय झालं तर काय बिघडतंय? औंदा न्हाय पुढल्या साली लगीनच करायचं हाय.”

मी उठून घरी आले. छकुली दप्तर उशाला घेऊन पडली होती. मला अक्षरं आली ती नातवंडं झाल्यावर, साक्षरतेच्या वर्गात. तिथं माझ्याकडून पाटीवर गिरवून घेणारी सगळ्यात बारकी मास्तरीण होती ही. वर्गाच्या बाई दमल्या की हिला माझ्यासमोर बसवायच्या. आता हिची शाळा एका काचेच्या आकड्यानं बंद होणार होती. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती.

चार-पाच दिवसांनी तिच्या शाळेतल्या रोहिणी मॅडम स्कूटरवरून अख्खा वळसा घालून आमच्या दारात आल्या. विज्ञान शिकवतात. चेहरा धुळीनं माखलेला. पाणी प्यायल्या आणि विचारलं, “छकुली का येत नाही?”

मी सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळावर हात मारला नाही, हसल्याही नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “आजी, तो व्हिडिओ माझ्याही मोबाईलवर आला होता. मी बघून पुढं ढकलला, म्हटलं असतील गमती. नाव कधी थांबते, ते नीट सांगा बरं.”

“देवळावर.”

“आणि थांबल्यावर मोटार?”

“बंद. पंखा, पंप, समदं बंद.”

“मग चढणारच आकडा.” त्यांनी अंगणातल्या नळाकडे बोट केलं. “सकाळी सगळ्या आळीनं नळ सोडले की तुमच्या नळाला कशी धार येते?”

“करंगळीयेवढी.”

“आणि बाकीच्यांनी बंद केले की?”

“मोप येती.”

“म्हणून टाकी भरली का?”

“टाकी कशी भरंल? पानी तेवढंच.”

“तसंच. तो मीटर बॅटरीच्या आत डोकावत नाही. तो फक्त विजेचा दाब मोजतो, आणि दाबावरून टक्के ठरवून मोकळा होतो. मोटार ओढत असते तेव्हा दाब पडतो, म्हणून आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. मोटार थांबली की दाब सावरतो आणि आकडा चढतो. छपरावरची प्लेट घटकाभरात घालून घालून थेंबभर घालणार, बाकी बॅटरीत काही भर पडत नाही.”

मला आमचे मालक आठवले. भर पाण्यात वल्हं वर घेऊन घटकाभर बसायचे, छाती खालीवर व्हायची, मग चेहरा उजळायचा. पण पोट रिकामंच.

“म्हंजी बॅटरीनं दम खाल्ला,” मी म्हणाले. “भाकर न्हाय खाल्ली.”

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. “हे मी वर्गात सांगणार,” म्हणाल्या.

“पर मॅडम, थंडीत थोडा चढायचा. आता लई चढतुया. ते का?”

यावर त्यांचा चेहरा उतरला. “बॅटरी म्हातारी झाली की चटकन दमते. मोटार चालू झाली की दाब फार पडतो, म्हणून थांबल्यावर चढतोही फार. चमत्कार वाढला याचा अर्थ बॅटरी संपत आली. तुम्ही सगळे तिच्या शेवटच्या धापेला टाळ्या वाजवत होतात.”

“मग खरा आकडा कवाचा?”

“चार्जर काढून ती निवांत पडल्यावरचा. पहाटे, मोटार सुरू करायच्या आधी बघायचा. मधल्या थांब्यावरचा नाही.”

मला समजलं. पण मला समजून काय उपयोग? मॅडमनी पारावर जाऊन हेच सगळं सांगितलं, नळासकट. माणसांनी ऐकलं, जांभया दिल्या. महाराज म्हणाले, “बाई पुस्तक वाचून बोलतात, आम्ही पाणी वाचून बोलतो.” लोक हसले. 

मग मीच उठले. म्हातारीला कुणी खाली बसवत नाही.

“म्हाराज, भैरोबा खरा जागरूत हाय न्हवं?”

“संशय आहे का माउली?”

“मग उद्या मला परदक्षिना घालू द्या. देवळाभवती, पान्यावरून. नातीकडून काय चूक झाली आसंल तर मी आजी म्हणून फेडते.”

“प्रदक्षिणेला… मुहूर्त बघावा लागेल.”

सर्जेराव मध्येच म्हणाले, “देवाला परदक्षिना घालाया कसला म्हूर्त? म्हातारी मागती, घालू द्या!” त्यांच्या कानातलं यंत्र आता चालू होतं. अंगारा त्यांनी काडीनं खरवडून काढला होता, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मी सुयोगला वायर लावायला लावली आणि सकाळी नावेत मालकांची जुनी वल्ही टाकून ठेवली. देवावर भरवसा असला तरी वल्हं घेऊन जावं, असं तेच म्हणायचे.

नाव निघाली. महाराज, सर्जेराव, रोहिणी मॅडम, वाडीतली बरीच माणसं, आणि मी. छकुली काठावर उभी राहिली.

देवळापाशी आलो. कळस पाण्याबाहेर कोपरभर आला होता. सुयोगचा हात सवयीनं मोटारीकडे गेला.

“बंद करू नगंस,” मी म्हणाले. “परदक्षिना हाय. डोक्यावरनं न्हाय, भवतीनं घाल.”

नाव कळसाला वळसा घालू लागली. मी हात जोडले. नारळ फोडला. सगळे काचेकडे बघत होते. आकडा चढेना. पहिला फेरा झाला, दुसरा झाला, आकडा हळूहळू खालीच येत होता.

“म्हाराज, हात ठिवा की,” कुणीतरी म्हणालं.

महाराजांनी हात ठेवला, पुटपुटले, मोठ्यानं पुटपुटले. कपाळावर घाम आला. आकडा अजून एकानं खाली आला.

“मोटारीच्या कंपनांनी मंत्र विस्कटतो,” ते म्हणाले. “मोटार बंद करा.”

“करूया की,” मी म्हणाले. “पर हितं न्हाय. सुयोग, नाव मच्छीच्या घाणीपाशी घे.”

जिथं कोळी मासे साफ करून आतडी टाकतात, ती ही जागा. तिथं बगळेसुद्धा नाक धरून उभे असावेत असा वास. नाव तिथं थांबली. मोटार बंद, पंखा बंद, पंप बंद. महाराजांनी नाकाला कफनी लावली होती, मंत्र म्हणायला त्यांना तोंडच मोकळं नव्हतं.

आणि आकडा चढला. भसाभसा, भैरोबावर चढायचा तसाच.

 बगळे तेवढे ओरडत होते.

“हितं कंचा देव हाय, म्हाराज?” मी विचारलं.

“ऊर्जा… ऊर्जा सर्वव्यापी आहे, माउली. ती कुठेही असते.”

सर्जेरावांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. “मग मघा परदक्षिनेत कुठं गेलती?”

कुणीतरी फिसकन हसलं. पण मला हसू येत नव्हतं. माझं काम अजून राहिलं होतं.

“नाव काठाला घे,” मी सुयोगला म्हणाले. काठाला आल्यावर मी छकुलीला हाक मारली. “ये, बस.”

“काकी, पर पारावर ठरलंय…” सुयोग अडखळला.

“आकडा चढला न्हाय तर मीच तिला उतरवते. जन्मात पुन्ना चढवणार न्हाय.”

छकुली नावेत आली. महाराजांकडे बघितलं नाही, कुणाकडेच बघितलं नाही. मीटरसमोर जाऊन बसली. सुयोगनं नाव आत नेली. तिथं खाली देऊळ नव्हतं, घर नव्हतं, नुसतं पाणी. मग त्यानं मोटार बंद केली.

तेव्हा पोर बोलली. आवाज बारीक होता, पण पाण्यावर आवाज लांब जातो.

“त्या दिवशी माझी पाळी न्हवती. आज हाय. बघा आता.”

पुरुषांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, पोरीनं हे इतक्या माणसांत बोलायला नको होतं. मग वाटलं, हे बोलायची वेळ तिच्यावर आणणाऱ्यांनी माना खाली घातल्या, हे बरं झालं.

छकुली एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेली, आणि प्रत्येक आकडा आधीच्याहून मोठा होता.

वाचून झाल्यावर ती सुयोगकडे वळली. “काका, आता मोटार लाव. आणि समद्यांनी बघा, किती लवकर उतरतुया ते.”

मोटार लागली. चढलेलं सगळं बघता बघता उतरलं. पहिल्याइतकं, आणि त्याहूनही थोडं खाली.

“असंच झालं त्या दिवशी,” रोहिणी मॅडम म्हणाल्या. “चढलेला आकडा बघून तुम्ही निघालात. बॅटरी रिकामी होती.”

सुयोगनं तिथंच फळी उचलली. बॅटरीच्या टोकांवर अंगाऱ्याचे थर बसले होते, खाली हिरवट बुरशीसारखं काही साठलं होतं. झाकण उघडलं तर आतलं पाणी तळाला गेलेलं. चमत्कार सुरू झाल्यापासून त्यानं त्यात पाणी घातलंच नव्हतं. देव भरतोय म्हटल्यावर कोण घालतो?

महाराज काठाला उतरले ते परत दिसले नाहीत. पुढं कळलं, हा माणूस कफनी घालायच्या आधी बारामतीत जळोचीच्या कडेला लोकांच्या घरी इन्व्हर्टर बसवून द्यायचा. म्हणजे मोटार बंद केल्यावर आकडा का चढतो, हे त्याला मॅडमइतकंच ठाऊक होतं. म्हणून तर मंत्राच्या आधी तो पंपसुद्धा बंद करायला सांगायचा. त्याची सगळी युक्ती त्यानं स्वतःच्या तोंडानं रोज सांगितली होती, आणि आम्ही ती मंत्राचा भाग समजून ऐकली.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. माझं वय तसं खोटं बोलण्याचं राहिलेलं नाही. वाडीत अजून दोन घरांतल्या इन्व्हर्टरवर अंगाऱ्याची पुडी आहे. सर्जेराव म्हणतात, “म्हाराज खोटा निघाला, पर अंगारा खरा आसंल.” ऊर्जानंद आता कुठल्या तरी दुसऱ्या काठावर दुसरं काही चढवत असेल. त्याला सगळीकडे टाळ्या मिळतील.

पण सुयोगनं बॅटऱ्या बदलल्या. आता पहाटे, चार्जर काढून ठेवल्यावर, मोटारीला हात लावायच्या आधी तो आकडा बघतो. तो कमी असेल तर नाव सोडत नाही, मग नावेत कुणीही बसलेलं असो. छकुलीची परीक्षा झाली. ती आता पुढच्या फळीवर बसते. कुणी काही म्हणत नाही.

भैरोबापाशी नाव अजून थांबते. मीही हात जोडते आणि भाकरीचा तुकडा सोडते. खाली माझं घर आहे. त्याच्यासाठी थांबायला मला चमत्कार लागत नाही. आकडा तिथं अजूनही चढतो. कुणी टाळी वाजवत नाही, एवढंच.

माझं मागणं मोठं नाही. कुठं काही वाढलेलं, भरलेलं, बरं झालेलं दाखवलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की हे दाखवताना काय बंद केलं होतं? दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसासमोर हेच होतं का? देव खरा असेल तर त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही. राग आलाच, तर तो देवाला नाही, त्याच्या नावावर जगणाऱ्याला येईल.

आणि काही बिघडलं की पोरीबाळींकडे बोट करणारा माणूस दिसला, तर त्याचं बोट सोडा आणि आधी फळी उचलून बॅटरी बघा.